सेवेचीही पावती हवी

आषाढी जवळ आली की सोलापूरच्या कॉलेजांमध्ये एक वाद पुन्हा उकरला जातो. वारीत सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना क्रेडिट द्यावं का, कॉलेजनं त्यांना पाठवावं का, आणि पाठवलं तर ती सेवा देवाची धरायची की समाजाची? एक बाजू म्हणते, धर्माच्या गर्दीत सरकारनं करायची कामं पोरांच्या गळ्यात कशाला मारता? ज्याला पुण्य हवं त्यानं ते आपल्या वेळात कमवावं. दुसरी बाजू म्हणते, माउलींच्या वाटेवर पाण्याचा ग्लास पुढं करताना ज्याला हिशेब सुचतो त्याला वारी कळलीच नाही. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात, आणि दोघींचंही लक्ष एकाच माणसावर खिळलेलं असतं. तो म्हणजे सेवा करणारा. त्याच्या मनात श्रद्धा आहे की मार्कांची हाव, एवढंच सगळे तपासतात. तो ग्लास ज्याच्या हातात जातो त्याचं पुढं काय होतं, त्या पाण्यानं त्याची तहान भागते की पोट बिघडतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं मत असं की विद्यार्थ्यांनी वारीत जरूर जावं. श्रद्धा असेल त्यानं श्रद्धेनं जावं, नसेल त्यानं तशीच वाट धरावी, पण दोघांनीही काम शिकून जावं, आणि त्या कामाचा निवाडा घेणाऱ्याच्या पदरात काय पडलं यावरून व्हावा. श्रद्धा माणसाला घराबाहेर काढते, पाय दुखायला लागल्यावरही उभं ठेवते. टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती घालायची हे ती सांगत नाही, ते शिकावंच लागतं. आणि घेणाऱ्याकडून मोजण्याची ही कसोटी कुणी परक्यानं आपल्यावर लादलेली नाही. ती आपल्या जिल्ह्याच्या भक्तिपरंपरेत फार आधीपासून आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पंधराव्या शतकात बहमनी सत्तेचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, बिदरहून शिक्षेचा हुकूम सुटला, आणि विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन सगळ्या धान्याची किंमत भरली. कीर्तनात आपण इथं डोळे पुसतो आणि थांबतो. पण कथा पुढं आहे. विठू पैसे भरून रसीद मागून घेतो, आणि ती रसीद दामाजीपंतांना त्यांच्या पोथीत सापडते. ज्या समाजानं ही कथा शेकडो वर्षं जपली, त्यानं प्रत्यक्ष पांडुरंगालाही पावती घेतल्याशिवाय दरबारातून निघू दिलं नाही. मग अन्नदानाच्या मंडपात तांदूळ किती आला, किती शिजला, किती फेकला गेला असं विचारलं की ‘भाव बघा, हिशेब काय विचारता’ हे उत्तर कुठल्या परंपरेतून येतं?

विरुद्ध बाजूचं सगळ्यात जड म्हणणं आधी मान्य करून टाकतो. सेवेला देव लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापुरात १९१० साली जन्मले, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. त्यामागं पुण्य नव्हतं, मोक्ष नव्हता. वसाहतवादाविरुद्ध लढणाऱ्या दोन देशांच्या भाईचाऱ्याची ओढ होती आणि हातात शस्त्रक्रियेचं कसब होतं. भैय्या चौकातलं त्यांचं घर पाहून आलेला कुणीही ‘धर्माशिवाय सेवा होत नाही’ असं म्हणू धजणार नाही. मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. कोटणीस आधी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि मग सेवेला गेले. नुसती कळकळ घेऊन कुणी त्यांना आघाडीवरच्या ऑपरेशन टेबलाजवळ उभं केलं नसतं. श्रद्धावान आणि अश्रद्ध दोघंही कोटणिसांचं नाव घेतात. दोघांनीही त्यांच्या आयुष्यातला हा क्रम ध्यानात घ्यायला हवा.

आता वारीकडे येऊ. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला पोचते. तुकाराम महाराजांची अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या वाटेनं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी विदर्भातून महिनाभर चालून खुद्द सोलापूर शहरात येते आणि तिऱ्हे, माचणूर, मंगळवेढा करत पंढरी गाठते. या वाटांवर शेकडो मांडव पडतात. केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, चहा, मसालेभात. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी माया असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण हे जातं कुणाकडं? नोंदणी असलेल्या दिंडीतला वारकरी निघण्याआधी भिशी भरतो. त्या पैशात त्याचा दोन वेळचा स्वयंपाक, तंबू, सामानाचा ट्रक सगळं येतं. स्वयंपाकाचा ट्रक पुढं गेलेला असतो, विसाव्याला जेवण तयार असतं. रस्त्याच्या कडेला पहिल्या मांडवात केळं, दुसऱ्यात लाडू, तिसऱ्यात भात, आणि चौथ्यापासून लोक नुसतं हातात घेऊन पुढं टाकून देतात. वाखरीच्या अलीकडं रस्त्यावर सांडलेला भात आणि द्रोण तुडवत चालावं लागतं, हे ज्यानं वाट चालली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

उपाशी राहतो तो दिंडीत नसलेला, मोकळा चालणारा. गुडघे सुजलेली म्हातारी, जिची दिंडी सकाळीच पुढं निघून गेली. भिशी भरायला पैसे नसलेला शेतमजूर. हे लोक रथाच्या मागं दोन-तीन तासांनी येतात, आणि रथ गेला की मांडव गुंडाळायला सुरुवात झालेली असते, कारण मांडव घातलेला असतो पालखीसाठी. फोटो पालखीबरोबर निघतात. हा दोष श्रद्धेचा नाही, नियोजनाचा आहे, आणि तो सुधारणं अवघड नाही. एकूण साहित्याचा तिसरा हिस्सा रथ पुढं गेल्यावरच उघडायचा, आणि मांडवातली दोन पोरं सायकलवर पाणी आणि भाकरी घेऊन तीन-चार किलोमीटर मागं पाठवायची. एवढं केलं तरी वाया जाणारं निम्मं अन्न योग्य तोंडी लागेल. हे कळायला देवाधर्माचा वाद लागत नाही. मागून कोण येतंय हे पाहायला थांबावं लागतं.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच आजारी पडतात. टीसीएल पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम हा गावपातळीवर पाळला जाणारा अंदाज आहे. पावडर थेट टाकीत ओतायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, मग बादली भरून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायचं, आणि वरचं नितळ पाणी तेवढं टँकर अर्धा भरलेला असताना ओतायचं म्हणजे उरलेल्या धारेनं ते नीट मिसळतं. खाली बसलेला चुना फेकून द्यायचा. त्यानंतर अर्धा तास थांबणं सक्तीचं आहे. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो, आणि गर्दी दारात उभी असताना नेमका हाच अर्धा तास गाळला जातो. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी. काचेच्या नळीत नमुना घ्यायचा, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत ताडून पाहायचा. उशिरा पाहिलं तर रंग गडद होतो आणि मोकळं क्लोरीन आहे त्याहून जास्त वाटतं. शेवटच्या तोटीला किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन यायला हवं.

चुकतं कुठं? पोतं महिनाभर उघडं, दमट खोलीत पडलेलं असतं. त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, पावडर दिसते मात्र पांढरीशुभ्र. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नये. दुसरं, आषाढातलं विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी गढूळ असतं, आणि गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवून गाळ बसवला नाही तर मात्रा बरोबर असूनही नळी पांढरीच राहते. तिसरं, भीतीपोटी कुणीतरी मूठभर पावडर टाकतो, पाण्याला उग्र वास येतो, वारकरी पहिल्याच घोटाला थुंकतो आणि पलीकडच्या उघड्या विहिरीवर जातो. एवढ्या सगळ्यातून पार पडलेलं शुद्ध पाणी शेवटी उघड्या पिंपात ओततात, उन्हात ठेवतात, आणि शंभर हात त्यात पेला बुडवतात. तोटीचं पिंप वापरलं असतं तर सगळं वाचलं असतं. ज्या स्वयंसेवकाला हे माहीत नाही, त्याच्या मनात कितीही भक्ती असली तरी तो आजार वाटत असतो. यावर ‘भाव महत्त्वाचा’ म्हणणारे काय उत्तर देणार आहेत?

अन्नाचंही तसंच आहे. शंभर माणसांच्या मसालेभाताला दहा ते बारा किलो तांदूळ पुरतो, हजारांना शंभर-सव्वाशे किलो. उत्साही मंडळ तो सगळा पहाटे एकदमच शिजवून टाकतं आणि दुपारी तीनपर्यंत वाढतं. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध तासन् तास कोमट राहतो. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, त्या कोमट गाभ्यात ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. पंचवीस-तीस किलोचे चार घाणे पाळीपाळीनं काढले आणि शिजल्यापासून दोन तासांत वाढून संपवले, तर खर्च तेवढाच येतो आणि धोका टळतो. खुद्द एकादशीला तर भगरीचं संकट असतं. दमट हवेत भगरीला बुरशी धरते, पिठाला त्याहून लवकर, आणि ते विषही शिजवून मरत नाही. उपवासाच्या भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. अन्न व औषध प्रशासन सांगतं की सुटं पीठ घेऊ नका, लागेल तेवढंच दळा, साठवू नका. किती मांडवांत हे कुणी वाचून दाखवलेलं असतं?

पायांच्या सेवेबद्दल थोडक्यात. फोड एकाच सुईनं फोडत जाऊ नये. मधुमेह्याच्या पायाला संवेदना कमी असते, म्हणून गरम पाण्यात पाय बुडवायला देऊ नयेत. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर तेल लावून रगडू नये, आत रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरकडं न्यावं. दिवसभर घामानं सुकलेल्या माणसाला मागेल तेवढ्या वेदनाशामक गोळ्या देणं मूत्रपिंडावर बेतू शकतं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात एक. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी घातली तर पाणी फार खारट होतं आणि उलट त्रास वाढतो.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो मनापासून घेतला जातो म्हणून त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं. सेवेचं असं तंत्र केलं की तिच्यातला जीव जातो, ती नोकरी होते. सोलापूरकरांना याचं उत्तर जानेवारीत दरवर्षी दिसतं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. ते पेलणाऱ्या तरुणांच्या मनात भक्ती नाही असं कोण म्हणेल? आणि तरीही सरावाशिवाय कुणाच्या हाती नंदीध्वज दिला जात नाही. यात्रेच्या कितीतरी दिवस आधी सराव सुरू होतो. तोल कसा घ्यायचा, वाऱ्यात कसं उभं राहायचं, थकलेल्याकडून दुसऱ्यानं कसा घ्यायचा हे शिकावं लागतं. नंदीध्वज पडला तर अनर्थ, म्हणून सराव. मग हजार माणसांच्या पोटात जाणाऱ्या भाताला आणि पाण्याला सराव नको? तिथं पडलं तर कमी अनर्थ होतो का? सरावानं त्या पोरांची भक्ती आटलेली कुणी पाहिली नाही. उलट अंगात मुरलेलं काम करतानाच मन मोकळं राहतं आणि समोरच्या माणसाकडं जातं.

हिशेब आणि तक्रार यांचं वावडं वारीला कधीच नव्हतं. पालखी मुक्कामाला पोचली की समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असतं ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडं येतात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावं पुकारली जातात, आणि मगच आरती. देवाची आरती माणसाच्या तक्रारीसाठी थांबवून ठेवणारी ही रीत मला वारीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. माउलींच्या पालखीसमोर जो हक्क दिंडीला आहे, तो अन्नदानाच्या रांगेतल्या माणसाला का नसावा? भात आंबूस लागला तर त्यानं कुणाला सांगायचं? मांडवावर देणगीदारांची नावं हातभर अक्षरात असतात. स्वयंपाक किती वाजता झाला, पाणी कुठून आणलं, क्लोरीनची तपासणी कधी केली, तक्रार कुणाकडं करायची, एवढ्या चार ओळींचा फलक क्वचितच दिसतो. विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी करायचं काम कुठलं असेल तर हा फलक लिहिणं.

सरकारची जबाबदारी स्वयंसेवकांनी उचलू नये, हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो, आणि म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. लाखोंची यात्रा भरवायची आणि शौचालयं मोजकी ठेवायची, मग चंद्रभागेच्या वाळवंटात साचलेली घाण हातानं उचलायला ठराविक जातींतली माणसं लावायची, असं पंढरपुरात वर्षानुवर्षं चाललं. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा आला, २०१३ साली अधिक कडक कायदा आला, तरी या प्रश्नावर उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि न्यायालयानं शासनाला शौचालयांची सोय करायला लावली. या सगळ्या वर्षांत मांडव पडत होते, लाडू वाटले जात होते, सेवा अखंड चालू होती. मग ती सेवा नेमकी कुठं पाहत होती? टीकाकारांचा हा प्रश्न टाळता येत नाही. श्रद्धेनं केलेली सेवा आपल्याला आवडेल तिथंच हात घालते आणि नावडत्या कामाला दुसऱ्याची जात शोधते, हे खरं आहे.

पण म्हणून ‘तर मग सेवा नकोच, सरकार करेल’ इथं पोचणं चूक आहे, कारण सरकारला करायला लावणारे लोक लागतात आणि ते त्याच गर्दीतून यावे लागतात. गाडगे महाराजांनी काय केलं? गावात शिरले की आधी खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री त्याच लोकांना कीर्तनात उभं करून अस्पृश्यता, कर्ज, दारू यांबद्दल प्रश्न विचारायचे. पंढरपुरात मंदिरात न जाता त्यांनी तिथं चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि पुढं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली. खराटा आणि प्रश्न त्यांनी कधी वेगळे काढले नाहीत. आज विद्यार्थ्यांना तेच करता येईल. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर मानलं जाणारं प्रमाण असं की सुरुवातीला पन्नास माणसांमागं एक आणि पुढं वीस माणसांमागं एक शौचालय, त्यातही पुरुषांच्या एकाला बायकांची तीन. पंढरपुरात वारकरी मुक्काम करतात त्या ‘पासष्ट एकर’ मैदानावर आणि गोपाळपूरकडं गेलेल्या दर्शनरांगेत दर दोन तासांनी जाऊन मोजायचं: किती शौचालयं उघडी, किती ठिकाणी पाणी, किती ठिकाणी कडी आणि दिवा. रांगेतल्या बायका जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. त्यांना पाण्याचा ग्लास पुढं करून उपयोग काय, जोवर मोरी दिसत नाही? या आकड्यांचा कागद संध्याकाळी नगरपालिकेच्या टेबलावर तारीख घालून द्यायचा आणि पोच घ्यायची. ही सेवा शासनाला मोकळं सोडत नाही, बांधून ठेवते.

श्रद्धेचा समाज माणसं जोडतो तसा बाहेरही ठेवतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. चोखोबा मंगळवेढ्याच्या कुसवाखाली गाडले गेले ते वेठबिगारीच्या कामावर. त्यांची समाधी विठ्ठलाच्या दारात झाली, दाराच्या आत त्यांच्या जातीला येऊ द्यायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात मे महिन्यात उपोषण करावं लागलं. ज्यांच्याकडून सेवा हक्कानं घेतली गेली त्यांना देवाजवळ जागा नव्हती. म्हणून कॉलेजच्या गटात कामाची वाटणी होते तेव्हा पाहायचं, वाढायला कोण आणि खरकटं उचलायला कोण. ज्या मुलांच्या घरी पिढ्यान् पिढ्या झाडू आहे त्यांच्याच हातात पुन्हा झाडू येत असेल, तर त्या शिबिरातून कुणीही काहीही शिकलेलं नाही. चिठ्ठ्या टाकून, रोज बदलून कामं वाटायची, आणि त्यातून प्राध्यापकांनाही सूट नको. जी मुलं दुसऱ्या धर्माची आहेत किंवा देव मानत नाहीत, त्यांना पूजेत उभं राहायची सक्ती नको. त्यांनी पाण्यावर, औषधांवर, मोजणीवर काम करावं, तेवढ्याच मानानं.

या वादाची सगळ्यात जुनी फेरी तर सोलापुरातच झाली आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदायला घेतलं होतं. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातल्या लिंगायत संतांच्या, परंपरेत सांगतात की त्यांच्यातले अल्लमप्रभू तिथं आले आणि त्यांनी खोदकामात गुंतलेल्या सिद्धरामांना ‘ओड्ड’, म्हणजे माती खणणारा, म्हणून हिणवलं. सांगायचं होतं ते असं की बाहेर तळं खणताना आत ‘मी करतो’ हा अहंकार साठतोय. सिद्धरामांनी ते मानलं आणि पुढं कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, जाऊन दीक्षा घेतली. सेवेतल्या अहंकारावर याहून धारदार टीका मला माहीत नाही, आणि ती बरोबर आहे. आज सेल्फीसाठी केळं पुढं करणाऱ्या प्रत्येकाला ती लागू पडते. पण सोलापूरनं त्या टीकेनंतर तळं बुजवलं नाही. आठशेहून जास्त वर्षं ते गावाच्या मधोमध आहे, आणि सिद्धरामांना हे गाव आजही आपला धनी मानतं. अहंकार गेला पाहिजे आणि तळंही झालं पाहिजे, दोन्ही मागण्या एकाच वेळी उभ्या राहू शकतात.

तळ्याचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. आपली सेवा पंचांगाला आणि जयंत्यांना बांधलेली आहे, गरज मात्र वर्षभराची असते. रक्तदानाचं घ्या. एखाद्या जयंतीला एकाच दिवशी शहरात जागोजागी शिबिरं होतात. पण साठवलेलं रक्त पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. ज्यानं आज दिलं त्याला पुरुष असेल तर तीन महिने, बाई असेल तर चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे एकाच दिवशी सगळ्यांनी दिलं की आधी रक्त जास्त होतं आणि मग देणारेच उरत नाहीत. मे महिन्यात कॉलेजं बंद, पारा ४२ च्या वर, आणि सिव्हिलमध्ये थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी पिशवी लागतेच. तीन मंडळांनी जयंतीच्या दिवशी नुसती नावनोंदणी करून प्रत्यक्ष रक्तदान आठवड्यांत वाटून घेतलं, तर त्या महापुरुषाचा मान काही कमी होणार नाही. अहिल्यादेवींनी घाट आणि धर्मशाळा बांधल्या तेव्हा त्यांच्या रोजच्या खर्चासाठी उत्पन्नंही लावून दिली. सोलापूरच्या विद्यापीठानं त्यांचं नाव घेतलं आहे, तर त्यांची ही सवयही घ्यावी.

राहिला क्रेडिटचा प्रश्न. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर ही तिची रचना आहे, आणि तिचे गुण-सवलती घेऊन कित्येक पिढ्या शिकल्या. मोबदला मिळाला म्हणून त्यांनी बांधलेला बंधारा पाणी कमी अडवतो का? क्रेडिट द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हजेरीवर क्रेडिट द्यायला. आज टी-शर्ट, टोपी, ग्रुप फोटो आणि प्रमाणपत्र एवढ्यावर तास भरले जातात. त्याऐवजी एका क्रेडिटच्या तीस तासांतले पहिले दहा तास शिकण्याचे ठेवा. आरोग्यसेवकासमोर टीसीएलचं द्रावण करून, ओटी टेस्ट वाचून दाखवायची, ओआरएस बनवून दाखवायचं, प्रथमोपचाराची तोंडी परीक्षा द्यायची. जो नापास होईल त्याला पाण्यापाशी पाठवायचं नाही, दुसरं काम द्यायचं. शेवटचे पाच तास वारी संपल्यावरचे: कचरा किती निघाला, अन्न किती उरलं, तक्रारी किती आल्या आणि त्यांचं काय झालं, याचा दोन पानी अहवाल गावाच्या ग्रामपंचायतीला आणि कॉलेजला. हा अहवाल पुढच्या वर्षीच्या तुकडीच्या हातात गेला पाहिजे, नाहीतर दरवर्षी नवी पोरं तीच चूक नव्यानं करतात.

आणि सुरुवात आषाढीला करू नये. लाखोंच्या गर्दीत, पावसात, नवखा स्वयंसेवक स्वतःच ओझं होतो. पंढरीच्या चार वाऱ्यांत माघीची गर्दी आषाढीहून कितीतरी कमी असते, हवा कोरडी असते, पाणी स्वच्छ असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी माघीला जावं, एका दर्शनरांगेचं, एका पाणवठ्याचं काम अंगावर घ्यावं, चुकावं, दुरुस्त करावं. गटात दहाच्या वर मुलं नकोत. त्यातल्या दोघांनी आधीच्या वर्षी काम केलेलं असावं, आणि एका तरी मुलीकडं बायकांच्या शौचालयांची मोजणी सोपवलेली असावी, कारण तिथली अडचण तिच्याशीच बोलली जाते. माघीला ज्यांचे अहवाल पूर्ण आले त्यांनाच आषाढीला पाठवावं. यंदाच्या माघीसाठी कुठलंही कॉलेज हे ठरवू शकतं. विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. लागतात एक ओटी किट, एक ताजं टीसीएलचं पाकीट आणि शनिवारी दुपारी वेळ देणारा एक आरोग्यसेवक.